मैदानावरचा देव कोणाचा?

मध्यंतरी श्री तुळजाभवानीच्या दर्शनास निघालो असता धाराशिवला मुक्काम पडला. पहाटे फिरावयास बाहेर पडलो, तो एका मैदानावर दहा-बारा मुलींचा खो-खोचा सराव चाललेला दिसला. मैदानात पाऊल टाकण्यापूर्वी प्रत्येक मुलगी वाकून मातीला हात लावी आणि तो कपाळी नेई. तसे कर म्हणून कोणी सांगत नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संस्काराने ते आपोआप घडत होते. एक मुलगी मात्र वाकली नाही. क्षणभर डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत काही पुटपुटून ती पाटीवर जाऊन बसली. तिचा देव कोणता, हे मी विचारले नाही. तिच्या प्रशिक्षकांनीही ते कधी विचारले असेल असे वाटले नाही. शिट्टी वाजली, पाठीमागून ‘खो’ आला, आणि ती अशी झेपावली की पाहणाऱ्याने पाहतच राहावे.

त्या मुलीची आठवण आता पुन्हा होण्यास कारण आहे. ३० ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डॉ. डी. वाय. पाटील मैदानावर विश्वचषकाच्या उपान्त्य सामन्यात भारतीय महिलांनी ऑस्ट्रेलियाचे ३३९ धावांचे आव्हान पेलले. मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या. सामना संपल्यावर अश्रू आवरत तिने सर्वप्रथम येशूचे आभार मानले. शेवटी शेवटी अंगातले बळ सरले तेव्हा आपण बायबलमधले एक वचन मनाशी म्हणत होतो, त्याचा आशय असा की, तू स्थिर उभी राहा, देव तुझ्यासाठी लढेल, असेही तिने सांगितले. स्पर्धेच्या काळात आपण रोज रडत होतो, मनाची घालमेल सोसवत नव्हती, ही कबुलीही तिने लपवली नाही. तिच्या या उद्गारांवर समाजमाध्यमांत दोन तट पडले. काहींनी तिला डोक्यावर घेतले, तर काहींनी देशाच्या विजयात धर्म कशाला आणला म्हणून तिला धारेवर धरले.

या वादाला एक पूर्वपीठिका होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या खार जिमखान्याने तिला दिलेले मानद सदस्यत्व रद्द केले. तिचे वडील आणि प्रशिक्षक इव्हान रॉड्रिग्ज यांनी जिमखान्याच्या सभागृहात धार्मिक मेळावे भरविले व त्यांचा रोख धर्मांतराकडे होता, असा काही सदस्यांचा आक्षेप होता. वडिलांनी तो साफ नाकारला. त्या प्रार्थनासभा होत्या, त्या रीतसर परवानगीने आणि सर्वांना माहीत असताना होत होत्या, आणि हरकत घेताच आपण त्या थांबविल्या, असे त्यांचे म्हणणे होते. वडील, प्रशिक्षक आणि प्रार्थनासभेचे आयोजक या तिन्ही भूमिका येथे एकाच माणसाच्या ठायी आल्या. म्हणूनच हा प्रश्न एका जिमखान्यापुरता राहत नाही. खेळाडूची श्रद्धा कोठवर तिची खाजगी बाब असते, आणि प्रशिक्षकाची श्रद्धा कोठून सार्वजनिक बाब होते, याचा निवाडा आपणा सर्वांनाच केव्हा ना केव्हा करावा लागणार आहे.

तो करण्यापूर्वी ख्रिस्ती विचाराने खेळाशी आपले नाते कसे जोडले, हे समजून घेणे आवश्यक आहे. ज्याला आपण ओळखत नाही त्याच्याविषयी मत बनविणे ही आपली परंपरा नव्हे. पूर्वपक्ष नीट मांडल्याशिवाय उत्तरपक्षाला तोंड फोडू नये, असा आपल्या शास्त्रार्थाचा दंडक आहे.

सेंट पॉलने करिंथ नगरीतील श्रद्धावंतांना जे पत्र लिहिले त्यात शर्यतीचा आणि मुष्टियुद्धाचा दृष्टान्त आहे. करिंथच्या जवळच त्या काळी मोठे क्रीडामहोत्सव भरत असत. त्यामुळे वाचकांना तो दृष्टान्त सहज उमगला असणार. धावपटू कोमेजणाऱ्या मुकुटासाठी एवढा संयम पाळतो, तर न कोमेजणाऱ्या मुकुटासाठी साधकाने किती पाळावा, असा त्याचा मथितार्थ. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडात चार्ल्स किंग्जली, थॉमस ह्यूज आदी लेखकांनी बलदंड शरीर आणि निष्ठावंत मन यांची सांगड घालणारा विचार मांडला. दुबळा भक्त देवाच्या काय कामाचा, हा त्याचा सूर होता. समर्थांनी गावोगावी मारुती स्थापून बलोपासनेचा जो धडा दिला, तो ज्यांच्या अंगी मुरला आहे त्या आपल्या वाचकांना हा सूर परका वाटू नये.

या विचाराला संस्थेचे रूप वायएमसीएने दिले. १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील तिच्या प्रशिक्षण विद्यालयात जेम्स नेस्मिथ या धर्मशास्त्र शिकलेल्या शिक्षकाने भिंतीला फळांच्या टोपल्या टांगून बास्केटबॉलचा खेळ रचला. चार वर्षांनी, १८९५ मध्ये, वायएमसीएच्याच विल्यम मॉर्गन यांनी व्हॉलीबॉल शोधून काढला. आज धाराशिव जिल्ह्यात कळंबला जा, भूमला जा, उमरग्याला जा. शाळेच्या आवारात दोन बांबू रोवून बांधलेली व्हॉलीबॉलची जाळी दिसेल. ती बांधणाऱ्या पोरांना तिचा उगम ठाऊक नसतो, आणि त्यामुळे त्यांचे काही बिघडतही नाही. खेळ एकदा मातीत रुजला की तो त्या मातीचा होतो.

भारतापुरते बोलायचे तर एक नाव टाळता येणार नाही. हॅरी क्रो बक हे वायएमसीएचे अमेरिकन शिक्षक १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचे विद्यालय काढतात आणि १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला भारतीय पथकाचे व्यवस्थापक म्हणून जातात. त्याआधीची कथा आपल्या पुण्याची आहे. १९१९ मध्ये डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यांतील मुले पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात ऑलिंपिकचा विचार आला, आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपले मोजके खेळाडू गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. पुढे देशभर क्रीडासंघटना उभी करण्याच्या कामी टाटांना वायएमसीएच्या नोरेन आणि बक यांचे साह्य झाले. पैसा पारशी दानशूराचा, आरंभ पुण्याच्या हिंदू जिमखानेकऱ्यांचा, प्रशिक्षणाची घडी ख्रिस्ती संस्थेची, आणि धावणारे पाय शेतकऱ्याच्या पोरांचे. भारताच्या ऑलिंपिक प्रवासाचा प्रारंभ असा झाला. हे मान्य केल्याने आपले काही उणे होत नाही. उलट इतिहासाशी प्रामाणिक राहिल्याचे समाधान मिळते.

मात्र या नाण्याला दुसरीही बाजू आहे. श्रीनगरच्या मिशन शाळेत टिंडेल-बिस्को हे इंग्रज पाद्री मुख्याध्यापक होते. १८९१ मध्ये त्यांनी काश्मिरी पंडितांच्या मुलांना चामड्याचा फुटबॉल खेळावयास लावले. चामड्याचा स्पर्श त्या मुलांना धर्मबाह्य वाटत होता. तरीही शिक्षकांचा पहारा ठेवून त्यांना चेंडूला पाय लावणे भाग पाडण्यात आले. पुढे तीच मुले फुटबॉलवर जीव टाकू लागली, पूर-साथींत लोकांच्या मदतीला धावली, आणि त्यांतून धर्मांतर करणारे फारसे निघाले नाहीत, हेही खरे आहे. परिणाम चांगला झाला म्हणून मार्ग योग्य ठरतो काय? मुलांच्या मनातील भीड बळाने मोडणे आणि ती समजावून सोडविणे, यांत अंतर आहे. शिवाशिव त्याज्यच होती. ती सोडविण्यासाठी आपल्याच समाजातील सुधारकांनी आयुष्ये वेचली. परंतु ज्याच्या हाती छडी आहे त्याने श्रद्धेच्या प्रश्नात हात घातला की तेथे संमती उरत नाही, आज्ञा तेवढी उरते. आमचा आक्षेप आहे तो एवढाच, आणि तो मोलाचा आहे.

याच प्रश्नाने अलीकडे अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय गाठले. वॉशिंग्टन राज्यातील ब्रेमर्टन येथील सरकारी शाळेत फुटबॉलचे साहाय्यक प्रशिक्षक असलेले जोसेफ केनेडी सामना संपल्यावर मैदानाच्या मधोमध गुडघे टेकून प्रार्थना करीत. हळूहळू मुलेही भोवती जमू लागली. शाळेने हरकत घेतली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि जून २०२२ मध्ये सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने निर्णय प्रशिक्षकाच्या बाजूने लागला. ती त्यांची व्यक्तिगत प्रार्थना आहे, असे बहुमताने मानले. अल्पमतातील न्यायमूर्तींनी मात्र मुलांवर येणाऱ्या न बोलल्या दबावाकडे बोट दाखविले. प्रार्थनेत सामील झालो नाही तर खेळण्याची संधी कमी मिळेल, अशा धास्तीने एक मुलगा त्यात उभा राहत होता, हे त्याच्या पालकांचे म्हणणे कागदोपत्री नोंदलेले होते.

बहुसंख्य ख्रिस्ती असलेल्या देशातील हे प्रकरण आहे. तेव्हा त्यात कोणी कोणाचा द्वेष केला, असे म्हणता येणार नाही. प्रशिक्षकाच्या मनात कपट होते असेही कोणी म्हटलेले नाही. तरीही प्रश्न उरतोच. कारण प्रशिक्षक हा केवळ एक व्यक्ती नसतो. संघात कोण असणार, कोण राखीव बसणार, जिल्ह्याच्या निवडचाचणीला कोणाचे नाव जाणार, हे तो ठरवितो. श्रीमंताघरच्या मुलाला एक प्रशिक्षक नाही तर दुसरा मिळतो. गरिबाच्या मुलीला तो एकच असतो.

येथेच धाराशिवकडे परत यावे लागते. अवर्षणाने पिचलेल्या या जिल्ह्याने खो-खोच्या क्षेत्रात केलेली कामगिरी थक्क करणारी आहे. सारिका काळे ही याच भूमीची कन्या. दिवसाकाठी एकच वेळ जेवण मिळावे अशा परिस्थितीत ती खेळली, हे तिनेच सांगितले आहे. २०१६ च्या गुवाहाटी येथील दक्षिण आशियाई क्रीडास्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघाची ती कर्णधार होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला तो तब्बल बावीस वर्षांनी मिळत होता. त्याच वर्षी ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून काम पाहत होती. तिला घडविणारे प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांचे नाव ती आवर्जून घेते. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखाली भारतीय महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळचा ७८-४० असा पराभव केला, तेव्हा त्या संघातही धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्याच संघात नसरीन शेख होती, नाझिया बीबी होती. पाटीवर एकीचे तोंड पूर्वेला, दुसरीचे पश्चिमेला. परंतु धाव एकाच गड्याच्या मागे.

सारिकासारख्या मुलीच्या आयुष्यात प्रशिक्षकाचे स्थान काय असते, याची कल्पना करून पाहावी. बूट तोच आणतो, प्रवासभाडे तोच जमवितो, घरी जाऊन आईवडिलांची समजूत तोच घालतो, लग्नाची घाई थोपवितो तोही तोच. अशा माणसाच्या शब्दाला त्या मुलीच्या घरात देवाच्या शब्दाएवढे वजन असते. या वजनाचा उपयोग त्याने खेळ फुलविण्यासाठी केला तर एक घराणे वर येते. उपासनामार्ग बदलण्यासाठी केला, तर तो उपकाराच्या ओझ्याखाली दबलेल्या मनाचा गैरफायदा ठरतो. आमिषाने वा दडपणाने होणारे धर्मांतर आम्हास सर्वस्वी अमान्य आहे, आणि मैदानावरील आमिष तर सर्वांत सूक्ष्म असते. तेथे पैसा द्यावा लागत नाही. संघातली एक जागा पुरते.

हे सांगितल्यावर वाचकांना एक अप्रिय प्रश्न विचारणे आमचे कर्तव्य आहे. जो दंडक आपण दुसऱ्याला लावतो तो स्वतःला लावण्यास आपण सिद्ध आहोत काय? आपल्या आखाड्यात, क्रीडामंडळात, शाळेच्या संघात एखादी ख्रिस्ती वा मुसलमान मुलगी आली, आणि सामन्यापूर्वीच्या मारुतीस्तोत्राच्या वेळी ती नुसतीच शांत उभी राहिली, तर तिची जागा तितकीच पक्की राहील ना? राहिली पाहिजे. नारळ फोडावा, आरती करावी, मातीला वंदन करावे. या मातीचा तो आचार आहे आणि त्याबद्दल कोणाची क्षमा मागण्याचे कारण नाही. परंतु जो आचार प्रेमाने आपोआप होतो त्याला हजेरीपटाची गरज नसते. सक्तीने केलेले वंदन मातीपर्यंत पोहोचत नाही. एकाच सत्याकडे अनेक वाटा जातात, हे जगाला सांगणाऱ्या समाजाला हे वेगळे शिकवावे लागू नये.

जेमिमाच्या उद्गारांकडेही याच दृष्टीने पाहावे. ती कोणाची प्रशिक्षक नव्हती, तिच्या हाती कोणाची निवड नव्हती. अत्यंत एकाकी क्षणी आपल्याला काय आधार वाटला, हे तिने सरळपणे सांगितले. त्याच संघातील दीप्ती शर्माने अंतिम सामन्यात पाच बळी घेतले, ती मालिकेची सर्वोत्तम खेळाडू ठरली. तिच्या दंडावर बजरंगबलीची आकृती गोंदलेली आहे. पंतप्रधानांनी त्याविषयी विचारले, तेव्हा स्वतःपेक्षाही माझा त्याच्यावर अधिक विश्वास आहे, असे तिने सांगितले. दीप्तीच्या उत्तराने ज्यांचा ऊर भरून आला त्यांनी जेमिमाच्या उत्तराने कपाळाला आठ्या घालाव्यात, हे न्यायाचे नव्हे. दोघींनी धावा काढल्या त्या भारताच्या फलकावर.

शिवाय देव आपल्या बाजूने लढतो म्हणणाऱ्या कोणत्याही भक्ताला एक पेच सोडवावाच लागतो. समोरच्या संघातही प्रार्थना करणारे असतात. गावच्या जत्रेत दोन्ही मल्ल एकाच मारुतीला नारळ फोडून आखाड्यात उतरतात. मारुतीराया कोणाचा पक्ष घेणार? गीतेने यावर फार पूर्वी उत्तर देऊन ठेवले आहे. आपला अधिकार कर्मावर आहे, फळावर नाही. विचारी ख्रिस्ती खेळाडूही त्याच उत्तराशी पोहोचतात. प्रतिस्पर्धी हाही आपला शेजारीच, त्याच्यावर प्रेम करण्याची आज्ञा खेळपट्टीवर शिथिल होत नाही, आणि प्रार्थना विजयासाठी नव्हे तर धीरासाठी करावयाची, असे ते मानतात. वाटा निराळ्या असल्या तरी मुक्कामाचे गाव एकच आहे.

या संदर्भात एरिक लिडेलची कथा मनन करण्यासारखी आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती. रविवार हा प्रभूचा दिवस, म्हणून या स्कॉटिश धावपटूने आपल्या आवडत्या शर्यतीवर पाणी सोडले. मग तो चारशे मीटर धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक जिंकला. पुढे कीर्ती मागे टाकून तो धर्मप्रसारक म्हणून चीनला गेला. त्याच्या त्या कार्याविषयी आमचे मत निराळे असू शकते. परंतु दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या बंदिवासात असताना तो तेथील मुलांचे खेळ घेत असे. रविवारी मुले आपापसांत खेळताना भांडू लागली, तेव्हा ज्याने ऑलिंपिकसाठी रविवार मोडला नव्हता त्याने त्या मुलांसाठी तो मोडला आणि पंच म्हणून मैदानात उभा राहिला, असे त्याच्या सहवासातल्यांनी सांगून ठेवले आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याच छावणीत त्याचा अंत झाला. नियम स्वतःला लावताना कठोर आणि मुलांना लावताना मृदू, ही प्रशिक्षकाची खरी कसोटी आहे. ती कोणत्याही धर्माच्या माणसाने दाखविली तरी वंदनीयच.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियमांत बांधले, अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली, १९९२ मध्ये पुण्यात क्रीडा भारतीची स्थापना झाली. गीतेच्या आधी फुटबॉलच्या मैदानावर जा, असे स्वामी विवेकानंदांनी तरुणांना बजावले. संघस्थानावर खो-खो आणि कबड्डी खेळून कित्येक पिढ्या वाढल्या. असा वारसा असताना आज तालुक्याच्या गावी मुलींसाठी एक स्वच्छतागृह असलेले मैदान सापडू नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे. कोणीतरी परका येऊन आमच्या मुलांना चेंडू देतो आणि चेंडूबरोबर आणखी काही देतो, अशी तक्रार आपण करतो. पण तो येईपर्यंत चेंडू देण्यास आपण का गेलो नाही? रिकाम्या जागी कोणीतरी बसणारच. बक यांनी शंभर वर्षांपूर्वी प्रशिक्षक घडविणारे विद्यालय काढले. त्याला खरे उत्तर निषेधाच्या पत्रकाने मिळत नसते, तशाच तपश्चर्येने मिळते.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि पालकांनी काही साध्या गोष्टी मनावर घ्याव्यात. आपल्या गावातील मैदानावर आठवड्यातून एकदा तरी जाऊन उभे राहावे. मुलगी कोणाकडे शिकते, संघाचा मुक्काम कोठे असतो, तेथे खेळाखेरीज काय चालते, हे प्रशिक्षकाला मोकळेपणी विचारावे. प्रामाणिक प्रशिक्षकाला अशा विचारणेचा राग येत नाही. प्रशिक्षकाने स्वतःची उपासना खुशाल करावी, परंतु खेळाडूंना तिचे निमंत्रण देऊ नये, आणि पालकांच्या अपरोक्ष तर मुळीच नाही. निवडीचे निकष कागदावर लिहून सर्वांसमोर लावावेत, म्हणजे कोण कोणाच्या प्रार्थनेला आले होते याचा संशयच उरणार नाही. आणि एखाद्या गरीब घरच्या मुलीचे बूट, दूध, प्रवासभाडे एवढा भार गावातील चार सुस्थित कुटुंबांनी वाटून घ्यावा. ज्या मुलीच्या पाठीशी गाव उभे असते तिला कोणाच्याही उपकाराखाली मान वाकवावी लागत नाही.

खो-खोत पाटीवर बसलेला गडी स्वतःहून उठू शकत नाही. पाठीमागून खो मिळावा लागतो. पण खो देणाऱ्याचे काम तेवढेच. तो लगेच रिकाम्या झालेल्या जागी बसतो, आणि उठलेला गडी कोणत्या बाजूला धावायचे ते स्वतः ठरवितो. प्रशिक्षकाचा धर्म याहून निराळा नाही. धाराशिवच्या त्या मैदानावर डोळे मिटून पुटपुटणारी ती मुलगी आणि तिच्या शेजारी मातीला हात लावणारी तिची मैत्रीण, दोघींनाही खो मिळो. दिशा त्यांची त्या ठरवतील. मैदान सपाट करून चुना मारण्याचे काम मात्र आपले आहे, आणि ते अद्याप बरेच बाकी आहे.